लांबचं कॉलेज

माझी आई सोलापुरात विड्या वळते. दहावीच्या पुढे गेलेली घरातली मी पहिलीच. २०२४ साली ‘नीट’चा निकाल लागला तेव्हा मामा म्हणाला, “पोरीची जात, लांब कशाला? घर गहाण टाकू, जवळच्या खाजगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून घेऊ.” लांब म्हणजे गोंदिया. तिथलं कॉलेज सरकारी! मुलगी डोळ्यांसमोर राहावी म्हणून आईचं छप्पर घालवायचं, हा हिशेब कुणालाच खटकला नाही.

मी पसंतीक्रमात आधी सरकारी कॉलेजं भरली, नंदुरबारपासून गोंदियापर्यंत. त्याच जुलैत शासनाने वार्षिक ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ केली. मॅनेजमेंट कोट्याला ती माफी नाही, हे मामाला दोनदा वाचून दाखवलं.

पण मेस, पुस्तकं, रेल्वेभाडं माफ नसतं बरं का! म्हणून नुसती फी विचारू नका. साडेचार वर्षांत घरून एकूण किती आणावे लागतील, ते तिथल्या सीनियर मुलींना विचारा. पुस्तकंही मला त्यांचीच जुनी मिळाली.

आई अजून गोंदियाला आलेली नाही. यायचं तर चार दिवसांच्या विड्या बुडतात.