विद्यार्थ्यांची चित्रफीत आणि तिचें पोस्टर

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनीं आम्हांस या प्रसंगीं चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां आम्ही धर्मग्रामाच्या इतिहासावर बोलूं अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु तो इतिहास आमच्याहून अधिक जाणणारीं माणसें पहिल्या रांगेंतच बसलेलीं आहेत. त्यांच्यासमोर तो सांगण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. आम्ही पेशानें शिक्षक. मुलांचें काम तपासावें आणि त्यास गुण द्यावे, हा आमचा नित्याचा उद्योग. त्या उद्योगांत गेल्या वर्षीं आमच्या हातून एक चूक झाली. ती एका गाण्याच्या चित्रफितीसंबंधीं आहे, आणि ती याच सभेपुढें मांडावी असें आम्हांस वाटतें. कां, तें शेवटीं कळेल.

आमच्या महाविद्यालयांत माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या पांच विद्यार्थ्यांस एक प्रकल्प दिलेला होता. एक गाणें निवडावयाचें. त्याची तीन-साडेतीन मिनिटांची चित्रफीत, जिला मुलें म्युझिक व्हिडिओ म्हणतात, ती तयार करावयाची. आणि तिच्या जोडीला जाहिरातीचीं दोन साधनें करावयाचीं, एक पोस्टर आणि एक गाण्यांच्या डिस्कचें वेष्टन. डिस्क आतां कोण विकत घेतो, असें आपण विचाराल. आम्हींही विचारलें होतें. परंतु हा नमुना मूळचा इंग्लंडांतला. तेथील ओसीआर या परीक्षामंडळाचा जो अभ्यासक्रम २००८ साली सुरू झाला, त्यांत विद्यार्थ्यानें गाण्याची चित्रफीत करावी आणि तिच्यासोबत डिस्कचें पुठ्ठ्याचें वेष्टन, मासिकांतली जाहिरात व संकेतस्थळाचें पहिलें पान यांपैकीं दोन वस्तु कराव्या, असा एक पर्याय होता. गुण शंभर. त्यांपैकीं वीस पूर्वतयारीस, चाळीस चित्रफितीस, दहा-दहा त्या दोन वस्तूंस, आणि उरलेले वीस विद्यार्थ्यानें स्वतःच केलेल्या परीक्षणास. इंग्लंडांत २०१७ पासून त्याच्या जागीं नवा अभ्यासक्रम आला. परंतु त्यांतले परीक्षणाचे चार प्रश्न आमच्या एका सहकाऱ्यांस इतके आवडले कीं त्यांनीं ते आमच्याकडे चालू ठेवले.

ते प्रश्न असे. या प्रकारच्या खऱ्याखुऱ्या कामांचे जे संकेत आहेत, ते तुम्हीं कोठें पाळले, कोठें वाढविले आणि कोठें मोडले? मुख्य काम आणि जाहिरातीचीं साधनें यांचा मेळ कितपत परिणामकारक झाला? प्रेक्षकांच्या अभिप्रायांवरून तुम्ही काय शिकलां? आणि यंत्रसाधनांचा उपयोग कसा केला? चौथ्याविषयीं फार बोलण्यासारखें नाहीं. हल्लीं खिशांतल्या दूरध्वनीवर चित्रणही होतें आणि जुळणीही. खरी परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांत आहे, आणि आमची फजिती तेथेंच झाली.

गाण्याची चित्रफीत ही जन्मानें जाहिरात आहे, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. १९७५ साली क्वीन या इंग्रजी वाद्यवृंदानें ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याची चित्रफीत करविली, ती दूरचित्रवाणीवर दाखविली जावी आणि ध्वनिमुद्रिका खपावी म्हणून. १ ऑगस्ट १९८१ रोजीं अमेरिकेंत एमटीव्ही ही वाहिनी सुरू झाली, आणि कंपन्यांनीं आपला माल खपविण्यासाठीं केलेल्या चित्रफिती हीच लोकांची करमणूक होऊन बसली. अँड्र्यू गुडविन नांवाच्या अभ्यासकांनीं १९९२ साली या विषयावर एक ग्रंथ लिहिला. चित्र हें गाण्याचें नुसतें दर्शन घडवितें, कीं त्यांत भर घालतें, कीं त्याच्याशीं फारकत घेतें, असे तीन प्रकार त्यांत पाडलेले आहेत. मुलांना ही त्रयी फार प्रिय आहे, कारण कोणतेंही चित्र तिच्या एका ना एका खणांत बसवितां येतें. गायकाचा चेहरा वारंवार जवळून दिसावा हा कंपन्यांचा आग्रह असतो, हेंही गुडविन यांनीं दाखविलें आहे. आवाज ज्याचा, चेहरा त्याचा. आणि तोच चेहरा चित्रफितींत, वेष्टनावर आणि जाहिरातींत, म्हणजे दुकानांत गेलेल्या माणसास माल ओळखतां यावा.

आमच्या विद्यार्थ्यांनीं निवडलेलें गाणें मात्र कोणत्याही कंपनीचें नव्हतें. साष्टींतील एका ईस्ट इंडियन गांवांत जाऊन त्यांनीं ऐंशीच्या घरांतील एका आजीकडून लग्नांतलें एक जुनें गाणें, तिच्या ओट्यावर बसून, दूरध्वनीवर मुद्रित करून आणलें होतें. मागें त्यांनीं गिटार आणि घुमट घातलें. चित्रफितींत देवळाच्या दारांत मोटार थांबते, फुलांचा गुच्छ घेतलेली नवरी उतरते, आणि लाल लुगडें नेसलेली त्यांच्याच वर्गांतली एक मुलगी त्या गाण्यावर ओठ हालविते. पोस्टरवर तीच मुलगी, वेष्टनावर तीच. लुगड्याचा लाल रंग तिन्ही ठिकाणीं एकच; अक्षरांचें वळण एकच. वेष्टनाच्या पाठीमागें पांचही विद्यार्थ्यांचीं नांवें, आणि ‘गीत’ या शब्दापुढें ‘पारंपरिक’.

आम्हीं हें सारें पाहिलें आणि प्रसन्न झालों. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत मुलांनीं रंगाचा आणि अक्षरांचा मेळ दोन पानें भरून समजावून दिला होता. आम्हीं समासांत ‘उत्तम’ असें लिहिलें. तिसऱ्या प्रश्नास त्यांनीं बेचाळीस जणांकडून भरून घेतलेले अभिप्राय जोडले होते. ते सर्व वर्गमित्र किंवा वर्गमित्रांचे मित्र. सर्वांस चित्रफीत आवडली होती, चौघांस ती थोडी लांब वाटली होती. आम्हीं तेंही मान्य केलें. शंभरांपैकीं शहाऐंशीं गुण दिले आणि कागद कार्यालयांत पाठविले.

पंधरा दिवसांनीं ते पांचही जण शिक्षकांच्या खोलींत येऊन उभे राहिले. गुणांविषयीं तक्रार असेल असें आम्हांस वाटलें. तसें नव्हतें. त्यांच्यापैकीं एका मुलीनें, आपण होऊन, ती चित्रफीत त्या आजीस नेऊन दाखविली होती. आजीनें ती दोनदां पाहिली. पहिल्यांदां ती हंसली आणि आपल्या बोलींत म्हणाली, “आवाज तर माझा, मग ही पोर कोण?” दुसऱ्यांदां मात्र ती गंभीर झाली. “हें विहिरीवरचें गाणें आहे,” ती म्हणाली. “देवळाच्या दारांत हें कोणी म्हणत नाहीं.” लग्नाच्या आदल्या दिवशीं बायका वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचें पाणी आणतात, त्या वेळचें तें गाणें. मुलांनीं तिला गाण्याचे शब्द विचारले होते, चाल विचारली होती. हें कधीं म्हणतात एवढें विचारावयाचें राहून गेलें होतें. परीक्षणांत त्यांनीं देवळाच्या दाराचा तो प्रसंग म्हणजे गुडविन यांच्या मतें ‘भर घालणें’ होय असें लिहिलें होतें, आणि आम्हीं त्यावर बरोबरची खूण केली होती. बंधुभगिनींनो, हें गाणें एके काळीं आमच्या स्वतःच्या आजोळीं म्हटलें गेलें असेल. आम्हांस तें ओळखतां आलें नाहीं.

आजीचा मुलगा जवळच बसला होता. चित्रफितीविषयीं तो कांहींच बोलला नाहीं. त्यानें वेष्टन हातांत घेतलें, मागची बाजू वाचली, आणि विचारलें, “हें पारंपरिक म्हणजे कोण?”

या प्रश्नास मुलांपाशीं उत्तर नव्हतें. आमच्या खोलींत मात्र एकानें धीर करून एक उत्तर दिलें, आणि तें टाकाऊ नव्हतें. न्यू ऑर्डर या वाद्यवृंदाची ‘ब्लू मंडे’ ही ध्वनिमुद्रिका १९८३ साली निघाली. पीटर सॅव्हिल यांनीं केलेलें तिचें वेष्टन संगणकाच्या फ्लॉपी डिस्कसारखें होतें, आणि त्यावर वाद्यवृंदाचें किंवा गाण्याचें नांव साध्या अक्षरांत कोठेंच नव्हतें. कडेला रंगांचे चौकोन होते, एवढेंच. तरी ती तडाखेबंद खपली. मग नांव गाळणें हाही एक संकेतच नव्हे काय?

आम्हीं त्यास म्हटलें, बाळ, ते रंगांचे चौकोन हींच अक्षरें होतीं. त्यांची किल्ली त्याच वर्षीं निघालेल्या त्या वाद्यवृंदाच्या दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या पाठीमागें छापलेली होती. ज्यास हौस असेल त्यानें नांव वाचून घ्यावें. शिवाय तें नांव त्यांचें स्वतःचें होतें आणि झांकून ठेवण्याचा खेळ त्यांनींच मांडला होता. या आजीनें आपलें नांव झांकावयास कोणास सांगितलें होतें? गाण्याचा कर्ता अज्ञात आहे, म्हणून ‘गीत’ या शब्दापुढें ‘पारंपरिक’ लिहिणें योग्यच आहे. परंतु आवाजाचा धनी अज्ञात नव्हता. त्यानें तुम्हांला चहा दिला होता.

येथें कायद्याचीही एक गोष्ट सांगतों, कारण आपल्यापैकीं अनेकांस ती ठाऊक नसते. आपल्या देशांतील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ साली दुरुस्ती होऊन गाणाऱ्यावाजविणाऱ्यांस त्यांच्या सादरीकरणावर स्वतःचा हक्क मिळाला. पुढें २०१२ च्या दुरुस्तीनें, हें सादरीकरण माझें आहे अशी ओळख दिली जाण्याचा हक्कही त्यांस मिळाला. उपयोगाच्या रीतीमुळेंच नांव गाळणें भाग पडत असेल तेथें तेवढी सवलत आहे. गाणें हजार वर्षांचें असो, त्यानें या हक्कास बाध येत नाहीं. आणि सवलतीची सबब येथें चालण्यासारखी नव्हती. पोस्टरच्या तळाशीं चांगली वीतभर जागा कोरी होती. ती कोरी जागा ‘दृष्टीस विसांवा देते’ असें मुलांनीं लिहिलें होतें!

त्या मुलांस आम्ही दोष देत नाहीं. त्यांनीं निदान जाऊन दाखविलें, आणि जें ऐकलें तें येऊन सांगितलें. आमचा मात्र तिसऱ्या प्रश्नाचा अर्थच चुकला होता. प्रेक्षकांचा अभिप्राय म्हणजे बेचाळीस कागद, असें आम्हीं मानलें. ज्या एका बाईस त्या गाण्याची माहिती होती तिच्यापुढें तें गेलें काय, हें विचारलें नाहीं. दुसऱ्या प्रश्नाचेंही तसेंच. चित्रफीत, पोस्टर आणि वेष्टन यांचा मेळ इतका परिपूर्ण होता कीं तिन्ही वस्तु एकमुखानें एकच असत्य सांगत होत्या, आणि त्या एकमुखीपणासच आम्हीं गुण दिले. रंग जुळले कीं नाहीं हें पाहणें सोपें आहे. डोळे ठीक असले म्हणजे झालें. जें जुळलें आहे तें खरें आहे काय, हें पाहण्यास घरून उठून दुसऱ्याच्या ओट्यापर्यंत जावें लागतें.

गुण बदलतां येत नव्हते. कागद पुढें गेलेले होते, आणि आम्हीं दिलेले शहाऐंशीं आजही तेथें तसेच आहेत. तरीही मुलांनीं आपल्या खर्चानें काम पुन्हां केलें. आजीकडे मुद्रण करतांना आवाज नीट येतो कीं नाहीं हें पाहण्यासाठीं त्यांनीं थोडें चित्रणही केलें होतें. हालणारें, अंधुक, मध्येंच एक कोंबडी येऊन जाणारें. तें त्यांनीं निरुपयोगी म्हणून बाजूस टाकलें होतें. आतां चित्रफितीचा आरंभ त्यानेंच होतो. देवळाच्या दारीं उतरणारी नवरी गेली, आणि त्या जागीं विहिरीवर चाललेल्या बायका आल्या. लाल लुगड्यांतली मुलगी राहिली आहे, पण ती आतां ओठ हालवीत नाहीं. घागर घेऊन चालते. पोस्टरच्या कोऱ्या जागेंत आजीचें नांव आलें. तिच्या परवानगीनें आलें, हें सांगितलें पाहिजे. नांव छापूं काय असें विचारल्यावर ती म्हणे आधीं लाजली, आणि मग तिनें तें पूर्ण, बापाच्या नांवासकट, सांगितलें. कारागिरीच्या दृष्टीनें ही दुसरी चित्रफीत पहिलीहून थोडी ओबडधोबड आहे. ती नव्यानें तपासावयास आली तर जुळणीचे दोन-तीन गुण आम्ही कापूं. बाकीचे कोठें द्यावे हें आतां आम्हांस कळतें.

आतां आम्ही येथें हें कां बोललों, तें. आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीगीताचीही चित्रफीत तरुण मंडळींनीं केली आहे, आणि तिचें पोस्टर फाटकाजवळ लावलेलें आहे. सभेस येतांना आम्ही त्यापुढें थांबलों. पोस्टर देखणें आहे. त्यावर देणगीदारांचीं नांवें आहेत, मंडळाच्या सभासदांचीं आहेत, भाषण करणार म्हणून आमचेंही आहे. ज्यांनीं तें गीत गायिलें आणि वाजविलें त्यांच्यासाठीं ‘गायकवृंद’ असा एक शब्द आहे. चिटणीस म्हणतात, हा कच्चा नमुना आहे, पक्की छपाई मंगळवारीं व्हावयाची आहे. म्हणून आज सकाळीं आम्ही गायकवृंदाच्या प्रमुखांकडे गेलों आणि बाजाची पेटी वाजविणाऱ्यापासून मागच्या ओळींत उभ्या राहणाऱ्या लहान मुलीपर्यंत सतरा नांवें लिहून आणलीं. तो कागद आमच्या खिशांत आहे. सभा संपल्यावर तो आम्ही चिटणिसांच्या हातीं देऊं.