गिअर कुठला? आधी रस्ता सांगा

श्रोतेहो, सायकलच्या गिअरच्या दोन जाती. एक उघडी : मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्या आणि चेन एकीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर. दुसरी झाकलेली : सगळी यंत्रणा हबच्या पोटात. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीने १९०२ पासून असे तीन गिअरांचे हब प्रचारात आणले.

निवड कशी करायची? आपल्या छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीच्या गर्दीत पावलोपावली थांबावं लागतं. हबचा गिअर उभ्या सायकलीवरही बदलतो. डिरेलरला पायडल फिरतं लागतं. जड गिअरमध्ये थांबलात, तर पुन्हा निघताना मांड्यांना कळतं. शिवाय धूळ, चिखल, स्टँडवरची ढकलाढकल यांतून हब बचावतो.

पण दौलताबादचा घाट चढून खुलताबादला जायचं, तर तीन गिअर अपुरे पडतात. तिथे डिरेलर बरा. गिअर जास्त, वजन कमी. टूर द फ्रान्स शर्यतीत त्याला १९३७ साली मुभा मिळाली.

कवी असलो तरी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. डिरेलरचा बिघाड डोळ्यांना दिसतो; वायर ताणून, स्क्रू फिरवून तो बहुधा जुळतो. हब उघडून पुन्हा नीट बसवणारा हात आपल्या भागात आहे का, हे पैसे मोजण्याआधी विचारा. नसेल, तर दुरुस्तीअभावी चांगली सायकलही भिंतीला टेकून राहते.

लेकीला कॉलेजसाठी सायकल घेणार असाल, तर तिचा रस्ता आधी तिलाच विचारा. पायडल तिलाच मारायचंय.