निवडणुकीचे जाहीरनामे कसे वाचावेत



निवडणूक जवळ आली की प्रत्येक पक्षाचा जाहीरनामा निघतो. आपल्या वस्तीत त्यातील दोन-चार घोषणा तेवढ्या ऐकू येतात. मूळ कागद हाती घेऊन वाचणारे विरळाच. मी वकिली करणारा मनुष्य आहे. कागद वाचल्यावाचून त्यावर सही करू नये, असे मी पक्षकारांस नित्य सांगत असतो. मत देणे हीही सहीच आहे, आणि तिची मुदत पाच वर्षांची असते.

प्रथम कायद्याची बाजू ध्यानात घ्या. तामिळनाडूतील सुब्रमण्यम बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी असे ठरविले की, जाहीरनाम्यातील आश्वासन हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली गैरप्रकार होत नाही. मात्र त्याच निकालात निवडणूक आयोगास मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्याचा आदेश होता. त्यानुसार २०१४ साली आचारसंहितेत भर पडली. वचनामागील कारण द्यावे आणि पैसा कोठून उभा करणार हे ढोबळमानाने तरी सांगावे, अशी अपेक्षा तीत आहे. पुढे २०२२ साली त्या निकालाच्या फेरविचाराचा प्रश्न तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविण्यात आला.

मग वचनभंगाचा न्याय कोणी करावयाचा? ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना परिषदेत मार्गदर्शक तत्त्वांविषयी बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, त्यांच्या भंगाबद्दल सत्ताधाऱ्यांस न्यायालयात उत्तर द्यावे लागणार नाही कदाचित, परंतु निवडणुकीच्या वेळी मतदारांपुढे ते द्यावेच लागेल. जाहीरनाम्यासही हाच न्याय लागू आहे. त्याचे न्यायाधीश आपण आहोत. आणि दप्तर न वाचता निकाल देणाऱ्या न्यायाधीशास कोण मान देईल?

चांगल्या कार्यक्रमाची ओळख एका उदाहरणाने पटेल. ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. खोतांच्या जुलुमापासून कुळांचे रक्षण करू, असे त्याच्या जाहीरनाम्यात होते. १९३७ साली पक्ष मुंबई विधिमंडळात निवडून आला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. ते विधेयक तेव्हा संमत झाले नाही. खोती नाहीशी करणारा कायदा १९४९ साली झाला. परंतु मतदारांस दिलेला शब्द विधेयकात उतरला होता आणि तो कोणासही तपासून पाहता येत होता. मतदारांचे प्रतिनिधित्व म्हणतात ते यालाच.

तेव्हा जाहीरनामा हाती येताच तीन प्रश्न विचारा. पहिला : हे काम कोणाच्या अधिकारातले आहे? जमीन, पोलीस, सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे विषय आहेत. अनुसूचित जातींची यादी मात्र अनुच्छेद ३४१ प्रमाणे केवळ संसदेच्या कायद्यानेच बदलते. यादी बदलून देतो असे विधानसभेचा उमेदवार म्हणेल, तर तो आपल्या हाती नसलेली वस्तू देऊ करीत आहे. दुसरा : यासाठी कोणता कायदा आणि किती पैसा लागेल? तिसरा : याच पक्षाने मागे हेच वचन दिले होते काय, आणि त्याचे पुढे काय झाले?

तिसऱ्या प्रश्नाची किंमत आपल्याइतकी कोणास ठाऊक असणार? १९५६ साली धर्मांतर झाले. केंद्राच्या यादीत अनुसूचित जातींतील बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. मध्ये चौतीस वर्षे गेली. त्या काळात किती निवडणुका झाल्या, याचा हिशेब आपल्या मुलांकडून करवून घ्या.

प्रत्येक घरात एक वही ठेवा. शिकलेल्या मुलीने वा मुलाने जाहीरनामा मोठ्याने वाचावा, आजीनेही तो ऐकावा, आणि आपल्या कामाची कलमे तारखेसह वहीत उतरवून घ्यावीत. पाच वर्षांनी उमेदवार पुन्हा दारी येईल, तेव्हा त्यास बसावयास सांगा, पाणी द्या, आणि ती वही त्याच्यापुढे उघडा.

जय भीम!