लॅपटॉप कपाटात ठेवताना



घरात नवा लॅपटॉप आला, की जुना कपाटात जातो. वर्षभराने बाहेर काढला, तर सुरूच होत नाही.

असं का होतं?

लॅपटॉप बंद असला, तरी त्यातली लिथियम-आयन बॅटरी हळूहळू उतरत असते. पूर्ण उतरून ती तशीच पडून राहिली, तर आतला तांब्याचा पातळ पत्रा झिजू लागतो. मग संरक्षक सर्किट तिला चार्ज होऊ देत नाही.

मग काठोकाठ भरून ठेवावी? तेही नको. पूर्ण भरलेली बॅटरी उकाड्यात लवकर जुनी होते.

म्हणून बॅटरी निम्मी भरावी.

लॅपटॉप पूर्ण बंद करावा, नुसता मिटू नये. कोरड्या, थंड जागी ठेवावा. अ‍ॅपल कंपनीचा सल्लाही असाच आहे: निम्मं चार्जिंग, 32 अंशांखालचं तापमान, आणि दर 6 महिन्यांनी पुन्हा निम्म्यापर्यंत चार्ज. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा त्यासाठी नकोच.

पुन्हा ऐका. बॅटरी निम्मी भरलेली. जागा थंड. सहा महिन्यांनी एकदा चार्ज.

आणि बॅटरी फुगलेली दिसली, तर चार्जर मुळीच लावू नये. ती दाबू नये, टोचू नये. जाणकार दुरुस्तीवाल्याकडून काढून घ्यावी आणि ई-कचरा केंद्रात द्यावी.