थकवा येतो म्हणून बसूनच राहायचं का?

(रौप्यमहोत्सवी आरोग्य व्याख्यानाचे शब्दांकन)



शुगर-बीपीवर आपण नेहमीच ऐकतो. आज मी कमी ऐकलेल्या आजारावर बोलणार आहे. नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस.

मेंदूतल्या आणि मणक्यातल्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं, विजेच्या वायरवर असतं तसं. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ते आवरण कुरतडते. मग मेंदूचा निरोप नीट पोचत नाही. नजर धूसर होते, पाय जड पडतो, तोल जातो, मुंग्या येतात. आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि स्त्रियांमध्ये जास्त आढळतो. सगळ्यात छळतो तो थकवा. तो बाहेरून दिसत नाही, त्यामुळे घरातली सून किंवा लेक ‘आळशी’ ठरते.

पूर्वी या रुग्णांना सांगत, “दमू नका, आराम करा.” त्याला कारण होतं. १८९० मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी नोंदवलं, की श्रमानंतर काही रुग्णांची नजर मंदावते. पुढे कळलं, की हे अंग तापल्यामुळे होतं आणि अंग निवलं की नजर पूर्ववत होते. आजार त्यामुळे वाढत नाही. पण भीती मात्र शंभर वर्षं टिकली.

१९९६ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात डॉ. पेटाजान आणि सहकाऱ्यांनी ५४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४०-४० मिनिटं हातापायांनी सायकल मारली. त्यांचा दमसास वाढला, ताकद वाढली, उदासी कमी झाली. २०१४ मध्ये २६ चाचण्या एकत्र तपासल्या. आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण व्यायाम न करणाऱ्यांत ६.३ टक्के, तर करणाऱ्यांत ४.६ टक्के होतं. म्हणजे व्यायामाने आजार उसळतो, हा समज खरा ठरला नाही.

आता जोरदार व्यायामाचेही प्रयोग होतात. एक-दोन मिनिटं जोर लावायचा, मग उसंत घ्यायची, पुन्हा जोर. चालते-फिरते रुग्ण हे देखरेखीखाली झेपवू शकतात, असं दिसलंय. मात्र हा औषधाला पर्याय नाही. आजार नुकताच उसळलेला असेल किंवा ताप असेल, तर व्यायाम थांबवायचा. नवीन त्रास २४ तासांपेक्षा जास्त टिकला, तर थेट डॉक्टर गाठायचे.

आपल्या धाराशिवात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून वेळ ऊन तापण्याआधीची. पंखा सुरू, थंड पाणी जवळ, मानेवर ओला रुमाल. पहिल्याच दिवशी हातलाईचा चढ नको! न्यूरोलॉजिस्टना विचारून, फिजिओथेरपिस्टकडून शिकून, घरच्या सायकलवर पाच मिनिटांनी सुरुवात करा. दर आठवड्याला थोडं-थोडं वाढवा.

आणि सोसायटीने काय करावं? जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा, प्रवेशाला उतार, रात्री जिन्यात उजेड. पाय अडखळणाऱ्याला एवढ्यानेही रोज खाली उतरायचं बळ येतं. आपल्या आजी-आजोबांनाही त्याचा उपयोग होईलच.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये दिलेल्या २१ प्रकारांत एमएसचं नाव आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. १९८५ पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना आणि कुटुंबांना आधार देते. आजार लपवून ठेवला, तर यातलं काहीच मिळत नाही.

शेजारची कुणी दोन जिने चढून दमून बसली, तर “एवढ्यात दमलीस?” असं म्हणू नका. पाणी द्या, सोबत थांबा. आणि उद्या सकाळी फिरायला जाताना तिलाही हाक मारा.