पडद्यावरचं लंडन, पायाखालचं लंडन

हॅरी पॉटर चित्रपटांची चित्रीकरणस्थळं दाखवणाऱ्या लंडनमधल्या पायी सहलींवर एक आक्षेप घेतला जातो: खरी जादू स्टुडिओत आणि संगणकावर घडली, मग रस्त्यावर पाहायचं काय? पण लेडनहॉल मार्केट घ्या. २००१च्या पहिल्या चित्रपटात जादूगारांच्या बाजाराकडची वाट इथं चित्रित झाली. होरेस जोन्स यांनी आखलेली ही देखणी लोखंड-काचेची इमारत १८८१ची, आणि तिच्या जमिनीखाली रोमन काळातल्या नगरचौकाचे अवशेष आहेत! २००९च्या चित्रपटात कोसळणारा मिलेनियम पूल थेम्सवर भक्कम उभा आहे. लोक येतात चित्रपटासाठीच, हे मान्य. पण दोन ठिकाणांमधलं शहर पायी चालणाऱ्याला चुकवता येत नाही. म्हणूनच वाटाड्या इमारतींविषयीही बोलणारा असावा.