पावसाळ्यांत विसावणारें इंजिन

मृगाचा पाऊस सुरू झाला कीं महाराष्ट्रांत दोन अगदीं निराळ्या ठिकाणीं इंजिनें एकाच सुमारास थंडावतात. कोंकणच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या वर ओढल्या जातात आणि त्यांच्या पाठीस अडकवलेलीं आउटबोर्ड इंजिनें पडवींत येतात. तेथून २५० किलोमीटरांहून अधिक दूर, धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यांतील ईट या गांवीं शेतांत ओल येते आणि विहिरीवरचें ऑइल इंजिन मुकें होतें. शहरांतील श्रोत्यांस वाटेल कीं चालणें थांबलें म्हणजे झीजही थांबली. वस्तुस्थिति उलट आहे. चालत्या इंजिनाच्या भागांवर तेल खेळत असतें. बंद इंजिनांत तें ओघळून जातें व उघड्या पडलेल्या लोखंडाशीं दमट हवेची गांठ पडते.

आधीं होडीचें इंजिन घ्यावें. ओले एव्हिनरूड यानें १९०९ सालीं अमेरिकेंत असलें सुटें इंजिन बाजारांत आणलें. समुद्राचें पाणी आंत ओढून तें स्वतःस थंड ठेवितें; सोय मोठी, पण पाण्याबरोबर मीठही आंत शिरतें. गेल्या कांहीं वर्षांत यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीस बंदी असते. इतके दिवस मीठ आंतल्या अरुंद वाटांत बसलें तर तें धातु कुरतडतें. म्हणून जाणता मच्छीमार इंजिनाचा खालचा भाग गोड्या पाण्याच्या पिंपांत बुडवून तें चालवितो. पाण्यावांचून तें चालवूं नये. पंपाचें रबरी चाक लवकरच जळतें. तें चालत असतांनाच इंधनाची नळी काढली कीं कार्ब्युरेटरमधील पेट्रोल संपून इंजिन आपोआप थांबतें. पेट्रोल राहूं दिलें तर तें उडून जाऊन मागें चिकट राळ ठेवितें आणि बारीक छिद्रें बुजतात. आतां पेट्रोलमध्यें ओल शोषणारें इथेनॉल असतें, तेव्हां ही काळजी अधिकच निकडीची. मग प्लग काढून सिलिंडरमध्यें थोडें तेल सोडावें, चक्र हातानें फिरवावें व इंजिन उभेंच टांगावें, म्हणजे उरलेलें पाणी निथळतें.

सर्वांत बोलकी खूण गिअरच्या तेलांत सांपडते. तें काळें निघालें तर जुनें झालें एवढेंच. ताकासारखें पांढरट निघालें तर पाणी शिरलें आहे. पुष्कळदां पंख्याच्या दांड्यास तुटक्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा गुंडाळला जातो आणि त्यानें सील कापलेलें असतें. हें जूनमध्यें कळलें तर दोन महिने हातीं आहेत. न कळतां नारळीपौर्णिमेनंतर होडी लोटली, आणि लाटा फुटतात नेमक्या त्या पट्ट्यांत गंजलेल्या दांत्यांनीं दगा दिला, तर होडी लाटेस आडवी होते. मग प्रश्न खर्चाचा राहत नाहीं.

थंड देशांत हींच कामें हिवाळ्यापूर्वीं होतात, कारण तेथें साठलेलें पाणी गोठून खोळ फोडतें. येथें ती भीति नाहीं. गंजाची मात्र आहे.

ईटच्या विहिरीवर मिठाचा प्रश्न नाहीं. पुण्यास १९४६ सालीं स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्ससारख्या कारखान्यांनीं डिझेलचीं इंजिनें शेतांत पोंचविलीं; विजेच्या पंपांनीं तीं मागें सारलीं, तरी वीज गेली कीं तींच आठवतात. येथें एक नियम नेमका उलटा. पेट्रोल काढून टाकावयाचें, पण डिझेलची टाकी जवळजवळ कांठोकांठ भरावयाची. रिकाम्या जागेंतील दमट हवा रात्रीं थंड पत्र्यावर पाणी होऊन तळाशीं उतरते. वापरलेलें तेल बदलावें, त्यांतील आम्ल बेअरिंगांस खातें. धुराच्या नळीवर पत्र्याचा डबा पालथा घालावा. याला पैसा लागत नाहीं, म्हणूनच कीं काय, तो हटकून विसरतो. आणि नळींतून उतरलेलें पावसाचें पाणी उघड्या व्हॉल्व्हवाटें सिलिंडरमध्यें गेलें कीं पिस्टन गंजून जागच्या जागीं धरतो.

पर्जन्यछायेच्या या भागांत श्रावणांत पाऊस ओढ देतो, त्या वेळीं सोयाबीन, उडीद फुलोऱ्यांत असतात. विहिरींत पाणी आहे आणि इंजिन धरलेलें आहे, अशी वेळ आली तर मिस्त्री येईपर्यंत पीक वाट पाहत नाहीं. यासाठीं पंधरा दिवसांतून एकदां हॅण्डल लावून चार फेरे द्यावेत. हें काम घरांतील एकाच माणसाकडे ठेवावें. फेरा मागच्यापेक्षां जड जातो आहे हें त्याच्याच हाताला कळतें.